वाजवणारा विद्यार्थी

निवृत्तीला दीड महिना उरला, तेव्हा मुख्याध्यापकांनी सोनाजी मुंजाबा पांढरे यांना बोलावून घेतलं, समोरची खुर्ची दिली आणि म्हणाले, "मास्तर, निरोप समारंभासाठी तुमचा एखादा विद्यार्थी सांगून ठेवा. आपली पद्धत तुम्हाला माहीतच आहे."

पद्धत सोनाजींना चांगली माहीत होती. मुकुंदवाडीच्या जनकल्याण विद्यालयात शिक्षक निवृत्त झाला की त्याच्याच विषयात पुढे गेलेला एखादा जुना विद्यार्थी येई, शाल-श्रीफळ देई, पायांना हात लावी आणि चार शब्द बोले. गणिताच्या सरांसाठी धरणावरचा इंजिनिअर आला होता. मराठीच्या सरांसाठी कन्नडहून प्राध्यापक आले होते, एसटी चुकली म्हणून जीपमध्ये मागे लोंबकळत. शिपाई निवृत्त झाला तर यातलं काही नसे. हेडक्लार्क हार घाली आणि मंडळी चहा पिऊन पांगत. पंचवीस वर्षांत सोनाजींनी असे कितीतरी निरोप आपल्या बँडने वाजते केले होते आणि दर वेळी डोळ्यांसमोर स्वतःचा दिवस आणला होता.

"कुणीही चालेल," मुख्याध्यापक म्हणाले, "फक्त वाजवणारा असावा. नाहीतर बँडमास्तरचा विद्यार्थी म्हणायचं कशाला?"

घरी भागूबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिने हात न थांबवता ऐकलं. "मंग त्यात काय अवघड हाय? पंचवीस वर्षं पोरं गाल फुगवून ऱ्हायली. त्यातला एक आना धरून."

सोनाजी ओट्यावर बसून एकेक नाव आठवू लागले. पहिल्या तुकडीतला बद्रीनाथ आता साखर कारखान्याचा संचालक होता. आप्पासाहेब रस्त्यांची कामं घेई. सांडू एसटीत कंडक्टर झाला होता. मागच्याच महिन्यात दौलताबादच्या गाडीत भेटला, तेव्हा तिकीट फाडता फाडता हसून म्हणाला होता, "आता निस्ती घंटी वढतो मास्तर. एक वढली की थांब, दोन वढल्या की चल. तुमची नोटेशनबिटेशन समदी त्यातच आली." अख्खी गाडी हसली होती, सोनाजीही हसले होते.

नावं येत गेली, जात गेली. कुणी तलाठी, कुणी वकील, कुणी बापाच्या शेतावर. वाजवणारा त्यांत कुणी नव्हता. वाजवणारा असा एकच निघाला होता आणि त्याच्या नावापाशी आलं की सोनाजी पुन्हा पहिल्या तुकडीपासून मोजायला लागत.

*

सोनाजी धनगराघरचे. कन्नडच्या घाटाखाली त्यांचा वाडा असे. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याकुट्यांचा. बाप मुंजाबा वर्षातून एकदा घोंगड्यांचं ओझं घेऊन औरंगाबादच्या छावणीत विकायला येई. पंधराव्या वर्षी सोनाजी त्याच्याबरोबर आला आणि त्याने निजामाच्या फौजेचा बँड ऐकला. चाळीस माणसं एका श्वासाने चालली होती. उन्हात पितळ असं चमकत होतं की बघवत नव्हतं. मुंजाबा घोंगड्या विकून परत गेला, पोरगा गेला नाही.

बँडचे उस्ताद दस्तगीर मियाँ. त्यांनी आठ दिवस ह्या मेंढक्याच्या पोराला कुंपणाशी उभं पाहिलं. नवव्या दिवशी आत बोलावलं, स्वतःचं कॉर्नेट, ते तीन कळींचं बुटकं पितळी वाद्य, बाहीला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "ले, फूँक. गालां नक्को फुला रे, होटां से फूँक." पोराने फुंकलं. आवाज आला तो कोकराच्या बेंबाटण्यासारखा. उस्ताद पोट धरून हसले आणि म्हणाले, "आता है. इसकू आता है," म्हणजे ह्याला येतंय.

त्या छावणीत सोनाजींची पंधरा वर्षं गेली. मग पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, फौज गेली आणि फौजेबरोबर बँडही गेला. उस्ताद लेकीकडे हैदराबादला निघून गेले. छावणीच्या मैदानात वाद्यांचा लिलाव झाला, तेव्हा त्यातली बारा पितळी वाद्यं आणि चार ड्रम काकासाहेबांनी उचलले. काकासाहेब मोठे जमीनदार होते. नव्या राज्यात नवी शाळा काढायची त्यांनी मनावर घेतलं होतं. वाद्यं घेतली तसा वाजवणाराही घेतला. लोहाराने कानस लावून पितळेवरचं निजामाचं चिन्ह घासून काढलं आणि १९५१च्या जूनमध्ये सोनाजी पांढरे शाळेत रुजू झाले.

काय म्हणून रुजू झाले, हे मात्र कुणालाच ठरवता येईना. कचेरीबाहेर रंगवलेल्या पाटीवर आधी शिक्षकांची नावं होती, खाली एक रेघ होती आणि रेघेखाली हेडक्लार्क, शिपाई, पाणक्या. सोनाजींचं नाव रेघेखाली गेलं. शिक्षकांच्या खोलीत ते गेले की कुणीतरी हमखास विचारी, "काय बँडवाले, यंदा तिथी किती? आमच्या भाच्याचं जमलंय." सोनाजी हसत. मनातून मात्र त्यांना एकच हवं होतं. आपलं नाव त्या रेघेच्या वर जावं आणि कुणीतरी आपल्याला शिक्षक म्हणावं.

*

बँड उभा राहिला आणि पहिल्याच आठवड्यात पेच आला. कॉर्नेटच्या टोकाला फुंकायची एक पितळी वाटी असते. वाद्यं बारा, वाट्या बारा आणि पोरं त्याच्या दुप्पट, म्हणजे एका वाटीला दोघांचं तोंड लागणार. शाळेच्या बोर्डिंगात गावोगावची पोरं होती, पाटलांची होती तशी महारवाड्यातलीही होती. "उष्टं कोन फुंकंल?" असं एका पोराने घरी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तीन बाप शाळेच्या फाटकात उभे राहिले.

त्यावर तोड काढली ती सोनाजींनीच. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पितळ पाटलांच्या पोरांना दिलं आणि ड्रम महारवाड्याच्या पोरांना. ड्रमला तोंड लागत नाही आणि त्याचं कातडं तसंही पाटलांच्या पोरांना नको असतं. बाप शांत झाले, बँड सुरू झाला. सोनाजींना आपल्या अकलेचं कौतुक वाटलं. मी कुणाला वगळलं नाही, असं ते पुढे कैक वर्षं सांगत. ते खोटंही नव्हतं.

साईड ड्रमवर पुंजाराम खरात होता. बारा-तेरा वर्षांचा, अंगाने काडी, बोलायला कमी. त्याचा हात चांगला होता, पण सोनाजींच्या लक्षात आला तो त्याचा कान. बारा पोरांत एकाचा सूर पाव हिश्शाने उतरला तरी पुंजारामची मान त्या बाजूला वळे. काठ्या चालूच असत, मान तेवढी वळे. चाळीस जणांच्या फौजी बँडमध्ये असा कान सोनाजींनी एकच पाहिला होता, उस्तादांचा.

"मास्तर, एकदा कॉर्नेट देता का?" त्याने पहिल्या वर्षी विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू."

दुसऱ्या वर्षीही त्याने विचारलं. तिसऱ्या वर्षी तो नुसता कॉर्नेटकडे बघत राहिला. सोनाजी तरी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

१९५५च्या पंधरा ऑगस्टला मामलेदार झेंड्याला येणार होते. तेराव्या तारखेला पहिला कॉर्नेट वाजवणारा बद्रीनाथ, म्हणजे काकासाहेबांचाच मुलगा, गालफड धरून घरी बसला. गालगुंड झाले होते. बाकीची पोरं खालचे सूर धरीत, वरची चाल एकट्या बद्रीनाथलाच येई. सोनाजी स्वतः वाजवू शकले असते, पण काकासाहेबांनी बजावून ठेवलं होतं, वाजवतील ती पोरं, मास्तर फक्त छडी हलवतील. मामलेदारांना शाळा दिसली पाहिजे.

चौदा तारखेला दुपारी सोनाजींनी पुंजारामला वाद्यांच्या खोलीत बोलावलं, कॉर्नेट हातात दिलं आणि दार लोटलं. पुंजारामने सलामीची अख्खी चाल वाजवली. पहिले दोन सूर कच्चे निघाले, तिसऱ्यापासून सरळ. खोलीत चुन्याचा वास होता आणि फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. तिच्यात ते पितळ हलत होतं.

"कुठं शिकलास?"

"पपईच्या देठावर. तुम्ही बद्रीला शिकवायचे तवा ऐकायचो. चार भोकं पाडली की थोडंफार येतं."

सोनाजींना वाटलं, आपण उगाच नाही आलो ह्या गावात.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम वाजवायला उभा राहिला. मामलेदारांनी चाल संपेपर्यंत कपाळावरचा हात खाली घेतला नाही आणि जाताना काकासाहेबांना म्हणाले, "बँड झकास आहे हो तुमचा." काकासाहेब खूश झाले. पाहुण्यांना निरोप देऊन ते वाद्यांच्या खोलीत आले, कॉर्नेट उचलून बघितलं आणि सहज म्हणाले, "बद्रीचं गालफड उतरलं की तो हेच तोंडाला लावंल ना?"

एवढंच बोलून ते निघून गेले.

सोनाजींनी शिपायाकडून ऊन पाणी मागवलं, चिंच मागवली, चुलीतली राख मागवली. पोरं मैदानात लिमलेटच्या गोळ्या चघळत उभी होती. त्यांच्यासमोर, हौदाच्या कडेला बसून सोनाजींनी ती वाटी काढली आणि घासायला घेतली. चिंचेने घासली, राखेने घासली, पुन्हा चिंचेने. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली.

पुंजाराम ड्रम खांद्याला लावून जवळ आला. "काय करताय मास्तर?"

"चमकवतो. पितळ हाय, काळं पडतं."

पुंजारामने वाटीकडे पाहिलं, मग भिंतीला ओळीने टेकवलेल्या बाकीच्या वाद्यांकडे. "एकच चमकवताय व्हय? आन् त्या अकरा?"

"गप. जा, ड्रम जाग्यावर ठेव."

तो गेला. ड्रम जागेवर ठेवला. मॅट्रिक होईपर्यंत त्याने बँड सोडला नाही, एक ठोका चुकवला नाही आणि कॉर्नेटचं नाव काढलं नाही. मग फौजेत भरती होऊन निघून गेला.

त्याच ऑगस्टच्या शेवटी रंगारी आला. काकासाहेबांच्या सांगण्यावरून त्याने सोनाजींचं नाव रेघेखालून पुसलं आणि वर, शिक्षकांच्या यादीत, चित्रकलेच्या सरांनंतर लिहिलं. सो. मुं. पांढरे, संगीत शिक्षक. घरी येऊन त्यांनी भागूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता मेंढरंबी सर म्हनतील."

*

पुढची वर्षं बरी गेली. विद्यापीठ निघालं, पदवीदानाच्या मिरवणुकीला बँड लागू लागला, तेव्हा कॉलेजातली पोरं जमवून बँड बसवायचं काम सोनाजींकडे आलं. दहा-बारा वर्षं ते काळ्या झग्यातल्या मंडळींच्या पुढे छडी घेऊन चालले. मांडवाच्या दारापर्यंत बँड पुढे असे. दारात तो दोन बाजूंना फाटे आणि झगे मधून आत जात. भाषणं सोनाजी कनातीच्या मागून ऐकत. त्याचंही त्यांना वाईट वाटत नसे, कारण कॉलेजातली पोरं त्यांना सर म्हणत. पण तीही पोरं पदवी घेतली की वाद्य ठेवून जात.

मग १९७२ साली पुंजाराम परत आला. फौजेच्या बँडमधली पंधरा वर्षं, संगीताच्या परीक्षांचे कागद आणि कॉर्नेट वाजवण्यासाठी मिळालेलं एक पदक घेऊन. विद्यापीठाच्या पोरांचा बँड त्याच्याकडे गेला. जाणारच होता, सोनाजींकडे कागद नव्हता. त्यांनी छडी एका पोराच्या हाती पाठवून दिली. पुंजारामला ते भेटले नाहीत. चार वर्षं त्यांनी त्या बाजूचा रस्ताच टाळला.

आता निरोपाला आठ दिवस उरले, तेव्हा मात्र ते सायकल काढून निघाले.

विद्यापीठाच्या डोंगरापायथ्याच्या मैदानात सराव चालू होता. पंचवीसेक पोरं-पोरी होत्या. प्रत्येकाच्या गळ्यात दोरी आणि दोरीला ज्याची त्याची वाटी. पुंजाराम मधोमध उभा होता. अंग भरलं होतं, मिशा पिकायला लागल्या होत्या. एका पोरीचा सूर उतरला तशी त्याची मान वळली. सोनाजी सायकल धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"या मास्तर," पुंजारामने खुर्ची मागवली. "कसं काय येनं केलं?"

सोनाजींनी सांगितलं. निरोप, पद्धत, शाल, मुख्याध्यापक. "तू आलास तर बरं व्हईल. माझ्या हातचा वाजवणारा असा तूच."

पुंजाराम कॉर्नेटच्या कळीला तेल देत होता. ते पुरं झाल्यावर म्हणाला, "येईन की."

सोनाजींचे डोळे भरून आले.

"पन एक हाय. तिथं उभा ऱ्हायलो की जे झालं तेच बोलीन. कमी नाय, जास्त नाय. तुम्ही मला ड्रम शिकवला, लई चांगला शिकवला, फौजेत त्याचा उपयोग झाला, हे सांगीन. मंग पंधरा ऑगस्टचं सांगीन. चालंल?"

"एकवीस वर्षं झाली रे त्याला."

"व्हय. तिथं पन्नास पोरं व्हती. कुनालाबी इचारा, आठवायचं नाय."

"मी काय करनार व्हतो, पुंजाराम? मी मेंढक्याचा पोरगा. नोकरी त्यांची, शाळा त्यांची. काकासाहेबांपुढं माझं काय चालनार?"

"काकासाहेबांनी धुवा म्हनून सांगितलं व्हतं?"

सोनाजींनी तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं. काकासाहेब मरून सात वर्षं झाली होती.

"नाय," ते म्हणाले.

पुंजारामने मान हलवली. रागावला नाही. सोनाजींना वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

"मंग नको येऊ," सोनाजी म्हणाले.

"बरं."

चहा आला. उठून जाणं बरं दिसलं नसतं म्हणून त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. सराव पुन्हा सुरू झाला होता. मागून एका पोराने विचारलेलं त्यांना ऐकू आलं, "सर, कोण होते?" आणि पुंजारामचं उत्तरही. "शाळेत व्हते आमच्या."

*

निरोपाला बद्रीनाथ आला. जीपमधून, पांढऱ्या कपड्यांत, मागे दोन माणसं. मुख्याध्यापकांना तो फारच पसंत पडला. "वाजवणारा पाहिजे म्हनं?" बद्रीनाथ व्यासपीठावर चढताच ओरडला, "आना माझं कॉर्नेट!" कुणीतरी ते आणलं. त्याने गाल फुगवून फुंकलं आणि कुकरची शिट्टी अर्ध्यात अडकावी तसा आवाज निघाला. सभागृह फुटून हसलं. बद्रीनाथ सगळ्यांत जास्त हसला.

मग त्याने शाल घातली, नारळ दिला, पायांना हात लावला आणि बोलायला उभा राहिला. "मास्तरांची शिस्त म्हंजे काय सांगू! एकदा मला गालगुंड झाले. माझ्या जागी दुसऱ्याच कुनीतरी वाजवलं. तर मास्तरांनी माझी वाटी चिंच लावून, राख लावून अशी घासली, अशी घासली, की मी बरा व्हऊन आलो तर सोन्याची वाटावी. एवढा जीव विद्यार्थ्यांवर!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत भागूबाई बसली होती. तिनेही वाजवल्या. सोनाजी मांडीवरच्या नारळाकडे बघत होते.

सत्कारमूर्तींनी बोलायचं होतं. सोनाजींनी खिशात लिहिलेला कागद ठेवला होता. त्यात संस्थेचे आभार होते, काकासाहेबांचं स्मरण होतं. ते माइकसमोर आले. कागद काढला नाही.

"माझा एकच विद्यार्थी झाला," ते म्हणाले. "तो आज इथं नाय. येतो म्हनला व्हता. मीच नको म्हनलो. ती वाटी त्याच्या तोंडाला लागली म्हनून मी घासली. मला कुनी सांगितलं नव्हतं."

एवढं बोलून ते माइकपासून मागे सरले. मुख्याध्यापकांना वाटलं म्हातारा गहिवरला. त्यांनी घाईने टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या आणि सूत्रसंचालकाने अल्पोपाहाराची सूचना दिली.

चिवड्याच्या बशा फिरत असताना बद्रीनाथ जवळ येऊन बसला. "कोन हो मास्तर, तो एकच? माझ्याम्होरं नाव नाय आलं कधी."

"पुंजाराम खरात."

बद्रीनाथने चघळता चघळता आठवून पाहिलं. "खरात... हां, हां. तो बारकुला? पन तो तर ड्रमवर व्हता की हो."

"व्हय."

"मंग कॉर्नेट कुठून आलं त्याला?"

सोनाजी सांगायला लागले, पपईच्या देठापासून. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच कारखान्याचा कुणी माणूस बाहेरून हाक मारीत आला आणि बद्रीनाथ बशी खुर्चीवर ठेवून "आलोच मास्तर" म्हणत उठला. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. सोनाजी थांबले नाहीत. समोर रिकामी खुर्ची होती, तरी ते पुढचं सांगत राहिले, भागूबाई येऊन त्यांच्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट करेपर्यंत.

"कुनासंगं बोलताय?" तिने विचारलं.